जुनं शहर पुन्हा नांदतं करायचंय? सतत विचारले जाणारे प्रश्न

जुन्या शहरांच्या प्लॅनिंगबद्दल तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी घरमालकाकडून, कधी भाडेकरूकडून, कधी दुकानदाराकडून, म्हणून सगळे एका जागी लावून ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही, तिथे नंबर दिलाय, तो बघा. आमचा कल आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर वाद नको: जुन्या भागात माणसं राहतात तोवरच ते शहर असतं, त्यामुळे प्रत्येक उत्तरात आम्ही आधी राहणाऱ्याचं काय होणार ते बघतो आणि मग इमारतीचं.

१. पुनरुज्जीवन म्हणजे रंगरंगोटी, दिवे आणि दगडी फरशी, एवढंच ना?

नाही, पण बऱ्याच ठिकाणी होतं तेवढंच, त्यामुळे तुमचा तसा समज झाला तर नवल नाही. दर्शनी भिंती एका रंगात रंगवायच्या, जुन्या घाटाचे दिव्याचे खांब उभे करायचे, फरशी टाकायची, उद्घाटन, फोटो, संपलं. आत तोच गळका पाइप, तेच तुंबलेलं गटार, आणि जिना मोडलाय म्हणून वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं खाली उतरत नाहीत. खरं काम म्हणजे जुन्या भागात आजच्या काळात राहणं, धंदा करणं, मुलं वाढवणं पुन्हा शक्य आणि परवडणारं करायचं, आणि ते करताना तिथल्या गल्ल्यांची वीण आणि माणसं उखडायची नाहीत. दर्शनी भाग सगळ्यात शेवटी. वाळवी लागलेल्या कपाटाला वरून पॉलिश मारून काय होणार?

२. एवढ्या कटकटी कशाला, सगळं पाडून रुंद रस्ते आणि नवीन बिल्डिंगी का नाही बांधत?

तेही करून झालंय. पॅरिसमध्ये १८५३ ते १८७० या काळात ऑसमान या सरकारी प्रशासकाने जुन्या वस्त्या फाडून मोठे रस्ते काढले, आज ते देखणे दिसतात हे खरंच, पण तिथले गरीब लोक शहराच्या कडेला फेकले गेले तेही तितकंच खरं. न्यूयॉर्कने १९६३ मध्ये पेन स्टेशनची भव्य इमारत पाडायला घेतली, लोक हळहळले, आणि १९६५ मध्ये शहराला वारसा इमारतींचा कायदा करावा लागला. म्हणजे अक्कल आली पण स्टेशन गेलं.

पैशाचा हिशोबही वाटतो तितका सरळ नाही. दाट जुनी वस्ती पाडली की नव्या नियमाने पार्किंग सोडा, रस्ता सोडा, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा, मग तेवढीच घरं बसवायला इमारत उंच न्यावी लागते, उंच गेली की लिफ्ट आली, पंप आला, महिन्याचा मेंटेनन्स आला, आणि तो जुन्या राहणाऱ्याला झेपत नाही म्हणून तो घर विकून जातो.

यावर वेगळा रस्ता शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने दाखवला होता. त्याने आधी एडिंबराच्या जुन्या भागात स्वतः राहायला जाऊन काम केलं आणि १९१४ नंतर भारतातल्या बऱ्याच शहरांचे अहवाल लिहिले. तेव्हाच्या इंजिनिअरांची सवय म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून वस्तीतून सरळ रस्ता ओढायचा. गेडिस पायी फिरायचा, खरोखर मोडकळीला आलेली मोजकी घरं तेवढी काढायचा, त्या जागेत छोटा चौक आणि झाड, गल्ली थोडी सैल, बाकीची वस्ती जागच्या जागी. तो याला शस्त्रक्रियाच म्हणायचा, पण राखून केलेली.

३. कामाला हात घालायचा तर पहिलं काय करायचं?

घरटी पाहणी. ड्रोनने नाही, दार वाजवून. कोण राहतं, मालक कोण, भाडं किती, खाली दुकान आणि वर घर आहे का, छप्पर कसं आहे, लाकूड कुठे कुजलंय, सांडपाणी कुठे जातं. इटलीतल्या बोलोन्याने १९६९ च्या प्लॅनसाठी जुन्या भागातल्या घरांचे प्रकार पाडले, कुठल्या प्रकारच्या घरात काय बदल सोसतो आणि काय नाही हे ठरवलं, आणि मग कामाला लागले. हे कंटाळवाणं असतं, यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं, म्हणून हेच नेमकं गाळलं जातं.

दुसरं, जमिनीखालचं. पाणी, ड्रेनेज, पावसाचं पाणी, वीज, केबल. नेपाळमध्ये भक्तपूरला १९७४ पासून जर्मन मदतीने जे काम झालं त्यात मंदिरं आणि घरं दुरुस्त झालीच पण त्यासोबत गटारं, पाण्याच्या लाइनी आणि विटांची फरसबंदीही झाली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी महागडी फरशी टाकायची आणि वर्षभरात पाइपसाठी तीच फोडायची हा प्रकार इतका सर्रास चालतो की टेंडर काढणाऱ्यांना त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही.

तिसरं छप्पर आणि पन्हळ. वरून पाणी थांबलं की जुनी इमारत बरीच वर्षं तग धरते, छप्पर गेलं की थोड्याच पावसाळ्यांत संपते. पैसे कमी असतील तर वीस घरांची छपरं करा, दोन घरं चकचकीत करू नका.

४. आमचं घर हेरिटेज यादीत आलंय. आता भिंतीत खिळाही मारता येणार नाही का?

मारता येईल. नियम देशागणिक वेगळे असतात पण साधारण सगळीकडे दर्जे पाडलेले असतात, वरच्या दर्जाला आतबाहेर सगळं जपायचं, खालच्या दर्जाला मुख्यतः बाहेरचं रूप. जसं आहे तसंच, त्याच मालाने दुरुस्त करायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी फार परवानग्या लागत नाहीत, बदल करायचा असेल तर लागतात. फ्रान्समध्ये मात्र संरक्षित विभागात घराच्या आतलंही बघतात, जिना, शेकोटी, छताची तुळई वगैरे.

खरी अडचण नियमाची नसून वेळेची असते. गळतीच्या परवानगीला आठ महिने लागले तर मालक रात्रीतून पत्रा ठोकणारच. त्यामुळे किरकोळ दुरुस्तीला थोड्या दिवसांत उत्तर मिळण्याची सोय नसेल तर हेरिटेज यादी कागदावरच राहते, असं आमचं ठाम मत आहे.

५. जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं तर बिघडतं काय? मजबूतच होईल ना?

उलट होतं. जुनी भिंत चुन्यातली, वीट मऊ, ती ओल पिते आणि सोडते. त्यावर सिमेंटचा कडक थर बसला की ओल बाहेर पडायची वाट बंद, मग ती आतच राहते किंवा भिंतीत वर चढते, क्षार साठतात, विटेचे पापुद्रे सुटतात, आणि भिंतीत घुसवलेली तुळईची टोकं आतल्या आत कुजतात जे बाहेरून दिसतच नाही. शिवाय जुनी भिंत थोडी हलते, चुना ती हालचाल सोसतो, सिमेंटला तडा जातो आणि त्यातून अजून पाणी आत. प्लॅस्टिक पेंटचंही थोडंफार हेच.

अपवाद आहे. १९२०-३० च्या दशकातल्या आरसीसी इमारती आता वारशात मोडतात आणि त्यांचा मूळ मालच सिमेंट आहे, तिथे चुना लावून उपयोग नाही. तिथे दुखणं वेगळं, आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

६. ह्या सगळ्याला पैसा कोण देणार?

एकच कोणी देत नाही, चार ठिकाणून जमवावा लागतो.

एक, टॅक्सची सूट. फ्रान्सने ४ ऑगस्ट १९६२ च्या कायद्याने, ज्याला मंत्री आंद्रे मालरोच्या नावाने ओळखतात, संरक्षित विभाग आखले, आणि पुढे त्याच नावाखाली तिथली इमारत नीट दुरुस्त करून भाड्याने देणाऱ्याला करात सवलतही मिळू लागली. याने पैसा येतो, पण ज्याच्याकडे मुळात कर भरण्याइतकं उत्पन्न आहे त्याचाच येतो, गरीब मालकाला याचा काही उपयोग नाही.

दोन, वर न बांधलेल्या मजल्यांचे हक्क दुसरीकडे विकणं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर मालक कंपनीला ५० पेक्षा जास्त मजल्यांचा टॉवर चढवायचा होता, शहराने नकार दिला, केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये कोर्टाने शहराची बाजू उचलून धरली, हे हक्क जवळच्या प्लॉटवर नेता येतात हाही एक मुद्दा होता. कल्पना चांगली आहे पण एक गोम आहे जी कोणी सांगत नाही: त्याच शहरात बाकी सगळीकडे जास्तीचं बांधकाम फुकट किंवा स्वस्तात वाटलं जात असेल तर हेरिटेजवाल्याचे हक्क विकत घेणार कोण?

तीन, पर्यटनाचा पैसा तिथेच लावणं. क्युबातल्या हवानाच्या जुन्या भागात शहर इतिहासकाराच्या कार्यालयाला १९९३ मध्ये स्वतःच्या कंपन्या काढून हॉटेलं चालवायची मुभा मिळाली आणि ती कमाई तेव्हाचे शहर इतिहासकार एउसेबिओ लेआल यांच्या हाताखाली इमारतींच्या डागडुजीत आणि तिथल्या लोकांच्या सोयींत गेली. २०१६ मध्ये तो हॉटेल व्यवसाय लष्कराच्या कंपन्यांकडे गेला, म्हणजे ही व्यवस्था किती टिकते ते वर कोण बसलंय त्यावर ठरतं. भक्तपूरलाही परदेशी पाहुण्यांकडून घेतलेलं प्रवेश शुल्क नगरपालिकेकडे येतं.

चार, नेहमीचा सरकारी पैसा, म्हणजे ड्रेनेज आणि रस्त्यांचं बजेट. तो वारसा खात्यातून आणायची गरज नसते, नव्या उपनगराला मिळतो तसा जुन्या भागाला हक्काने मिळायला हवा, आणि हे मागायचं लोक विसरतात.

७. भाडं अगदी नाममात्र आहे म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, आणि भाडेकरू म्हणतो घर माझं नाही. मग करायची कोणी?

हा जुन्या शहरांचा सगळ्यात जुना तिढा. भाडं गोठवलं की मालकाला दुरुस्तीत काही सुटत नाही आणि इमारत पडायची वाट बघणं त्याला परवडतं. पण भाडं एकदम मोकळं सोडणं हा उपाय नाही. मलेशियातल्या जॉर्ज टाउनमध्ये जुना भाडे नियंत्रण कायदा २००० सालच्या सुरुवातीला उठला आणि पिढ्यान्पिढ्या तिथे राहणारी, खाली दुकान वर घर असलेली कितीतरी कुटुंबं बाहेर गेली, घरं रिकामी पडली. २००८ मध्ये त्या भागाला जागतिक वारशाचा मान मिळाला तोवर बरीच माणसं निघून गेली होती.

मधला रस्ता बोलोन्याने काढला. १९७३ मध्ये तिथे सार्वजनिक घरबांधणीचा कायदा थेट जुन्या शहराला लावायचं ठरलं, आधी विचार घरं ताब्यात घ्यायचा होता, त्याला मालकांचा जोरदार विरोध झाला, मग करार पद्धत आली: पालिका दुरुस्तीला पैसे देणार, बदल्यात मालकाने भाडं ठरलेल्या मर्यादेत ठेवायचं आणि जुन्या भाडेकरूला ठेवायचं. आमच्या मते आजही यापेक्षा चांगला ढाचा नाही. भाडं टप्प्याने वाढवायचं, गरीब भाडेकरूला वरचा फरक सरकारने द्यायचा, आणि अनुदान घेतलेल्या मालकाला कराराची मुदत संपेपर्यंत घर सहज विकता येऊ नये.

८. भाग सुधारला की भाडी वाढतात आणि मूळचे लोक जातात. हे टाळता येतं का?

पूर्ण नाही. कमी करता येतं, आणि ते सुरुवातीलाच करावं लागतं, नंतर काही हातात राहत नाही. पॅरिसचा मारे हा भाग १९६० च्या दशकात कारागिरांनी, छोट्या वर्कशॉपांनी आणि गर्दीच्या भाड्याच्या खोल्यांनी भरलेला होता, प्रश्न ६ मधल्या कायद्याखाली त्याचे वाडे-हवेल्या उत्तम दुरुस्त झाल्या, आणि आज तो शहरातल्या महागड्या भागांपैकी एक आहे. इमारती वाचल्या आणि राहणारे बदलले.

मग करायचं काय? भाव वाढायच्या आधी पालिकेने त्या भागात काही इमारती घेऊन ठेवायच्या, कारण काम जाहीर झाल्यावर घेणं परवडत नाही. काम एका वेळी थोड्या घरांचं काढायचं आणि त्या कुटुंबांना जवळच तात्पुरती घरं द्यायची, बोलोन्यात तसं केलं होतं, मुलांची शाळा बदलावी लागली नाही तर माणूस परत येतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन वर्षं पाठवलं तर बहुतेक नाही येत. परत यायचा हक्क लेखी हवा, त्यात घराचं क्षेत्रफळ आणि भाडं दोन्ही लिहिलेलं.

दुकानांचंही बघावं लागतं. लोक राहतात आणि खाली फक्त कॅफे आणि शोभेच्या वस्तू, मग पीठ, औषध, नळाचा वॉशर आणायला लांब जायचं. पॅरिस पालिकेने २००४ पासून आपल्या कंपनीमार्फत तळमजल्यावरचे गाळे घेऊन रोजच्या गरजेच्या दुकानांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. खर्चिक आहे, पण चालतं.

९. पर्यटक आले तर पैसा येतो, मग तक्रार कसली?

प्रमाणाची. व्हेनिसच्या जुन्या बेटांवर १९५१ मध्ये साधारण १,७५,००० लोक राहत होते, २०२२ मध्ये तो आकडा ५०,००० च्या खाली गेला. सगळं खापर पर्यटकांवर फोडता येणार नाही, पूर आहेत, महागाई आहे, मुख्य भूमीवर सोपी घरं आहेत, पण घर राहायला देण्यापेक्षा रात्रीच्या हिशोबाने देण्यात जास्त सुटतं तेव्हा मालक काय करणार हे उघड आहे. २०२४ पासून तिथे ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. आम्हाला त्याचं फारसं कौतुक नाही, तिकीट लावल्याने कोणाला राहायला घर मिळत नाही. बार्सिलोनाने मुळावर घाव घालायचं ठरवलंय, पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत असं २०२४ मध्ये जाहीर केलं.

इटलीतलं मातेरा वेगळ्या कारणाने लक्षात ठेवा. तिथल्या डोंगरात कोरलेल्या घरांतली गरिबी देशाची लाज मानली गेली, १९५२ च्या कायद्याने हजारो लोकांना नव्या वस्त्यांत हलवलं, वस्ती ओस पडली, मग १९९३ मध्ये तीच जागा जागतिक वारसा झाली आणि आज त्या गुहांमध्ये हॉटेलं आहेत. जागा वाचली यात वाद नाही. पण जे तिथून उठवले गेले त्यांना तिथेच नळ आणि संडास दिला असता तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

१०. गाड्या बंद केल्या तर दुकानं बसतील, असं सगळे व्यापारी म्हणतात. खरं आहे का?

सगळीकडचे व्यापारी सुरुवातीला हेच म्हणतात. कोपनहेगनमध्ये १९६२ मध्ये स्ट्रोएट हा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हाही म्हणाले होते, आज तो शहराचा मुख्य बाजार आहे. स्पेनमधल्या पोन्तेवेद्राने १९९९ पासून आणि स्लोव्हेनियाच्या ल्युब्ल्यानाने २००७ पासून शहराचा मध्य गाड्यांपासून मोकळा करायला घेतला, ल्युब्ल्यानात म्हाताऱ्यांसाठी फुकट छोट्या इलेक्ट्रिक गाड्या फिरतात.

पण चुकीच्या पद्धतीने केलं तर व्यापाऱ्यांचं खरं ठरतं. एकच सुंदर रस्ता बंद केला आणि बाजूचं काही बघितलं नाही की सगळं ट्रॅफिक शेजारच्या अरुंद गल्लीत घुसतं. बेल्जियमच्या गेंटने २०१७ मध्ये मध्यभागाभोवती सहा विभाग पाडले, विभागात गाडी नेता येते पण एका विभागातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरच्या रिंगरोडनेच जावं लागतं, म्हणजे मधून आरपार जाणारं ट्रॅफिकच संपलं. माल उतरवायला सकाळची वेळ, रहिवाशांना परवाना, कडेला पार्किंग आणि तिथून आत यायची सोय, हे सगळं बंदीच्या आधी तयार पाहिजे.

११. अरुंद गल्लीत आग लागली तर बंब कसा जाणार? म्हणूनच रस्ता रुंद करा म्हणतात.

बंब छोटा घ्या, गल्ली मोठी करू नका. लहान गाड्या, मोटरसायकलवरचे पंप, ठरावीक अंतरावर पाण्याचे हायड्रंट, गल्लीतल्या लोकांना ट्रेनिंग. जपानमधल्या शिराकावागो या गवती छपरांच्या गावात घरांच्या आसपास पाण्याच्या तोफा बसवल्यात आणि दरवर्षी सराव होतो. सोय असून उपयोग नाही असंही होतं: चीनमध्ये शांग्री-लाच्या दुकेझोंग या जुन्या लाकडी भागात जानेवारी २०१४ मध्ये मोठी आग लागली, हायड्रंट होते पण थंडीत गोठू नयेत म्हणून त्यांचं पाणी बंद ठेवलं होतं.

लोंबकळणाऱ्या वायरी आणि ओव्हरलोड मीटर हे जुन्या भागात आगीचं मोठं कारण असतं, ते प्रश्न ३ मधल्या जमिनीखालच्या कामात येतं.

१२. जुन्या भागात नवी इमारत बांधायची तर ती जुन्यासारखीच दिसली पाहिजे का?

नाही. खोटे कमानी-कोनाडे चिकटवलेली नवी इमारत बहुतेकदा दोन्हीकडून फसते. १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून, म्हणजे वारसा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यापासून, तज्ज्ञांचा कल असाच आहे की नवं काम नवं म्हणून ओळखू यावं पण शेजाऱ्याशी भांडू नये. आम्ही सगळ्यात आधी बघतो ती प्लॉटची रुंदी. अरुंद प्लॉट, प्रत्येकाचं रस्त्यावर उघडणारं दार, ह्यावरच जुन्या गल्लीचा जीव असतो. चार प्लॉट एकत्र करून एकच गेट आणि बाकी कोरी भिंत केली की मग वर कितीही नक्षी करा, रस्ता मेला. उंची आणि छपराची रेघ त्यानंतर.

१३. दर्शनी भिंत ठेवून मागे सगळं नवं केलं तर? बिल्डर म्हणतो दोघांचंही भलं.

बिल्डरचं नक्की होतं. ब्रसेल्समध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा पुष्कळ भिंती उभ्या ठेवल्या गेल्या, पुढे शंभर वर्षांचं तोंड आणि मागे ऑफिसचे मजले, कधी कधी खिडकीच्या मध्येच नवा स्लॅब येतो. आग किंवा पडझडीने आतलं आधीच गेलं असेल आणि भिंतच उरली असेल तर ठीक. धडधाकट इमारत पोखरून हे करायला आमचा विरोध आहे, कारण जिना, चौक, खोल्यांची रचना हे सगळं जातं आणि उरतो तो देखावा.

१४. टॉवर जुन्या हद्दीच्या बाहेर आहे, मग त्याचा काय संबंध?

दिसण्याचा संबंध. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलचं दर्शन झाकू नये म्हणून १९३० च्या दशकापासून उंचीचे नियम आहेत. पॅरिसला १९७३ मधल्या मोंपार्नास टॉवरने धडा शिकवला, १९७७ मध्ये शहरात उंचीवर कडक मर्यादा आली. क्योतोने २००७ मध्ये मध्यभागातली कमाल उंची ४५ वरून ३१ मीटरवर आणली आणि छतावरच्या जाहिराती बंद केल्या, घरमालक चिडले होते, कारण आधीच उंच बांधलेल्या इमारती पुन्हा बांधताना तेवढ्या बांधता येणार नाहीत. ती तक्रार रास्त आहे, अशा वेळी मुदत आणि मदत दिली पाहिजे.

१५. युनेस्कोच्या यादीत आलं की निधी सुरू होतो ना?

नाही. युनेस्कोचा वारसा निधी छोटा आहे आणि त्यातून शहरं दुरुस्त होत नाहीत, जबाबदारी त्या देशाचीच राहते. मान मिळतो, पर्यटक वाढतात (प्रश्न ९), नियम कडक होतात. आणि मान काढूनही घेतात: जर्मनीच्या ड्रेस्डेनचं एल्ब खोरं २००९ मध्ये चौपदरी पुलामुळे यादीतून गेलं, आणि लिव्हरपूल २०२१ मध्ये बंदराच्या भागातल्या नव्या बांधकामांमुळे.

१६. युद्धात किंवा भूकंपात पडलेलं जसंच्या तसं पुन्हा बांधलं तर ते नकलीच ना?

पोलंडमधल्या वॉर्सावाल्यांना हे विचारून बघा. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं जुनं शहर जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त केलं गेलं, लोकांनी जुनी चित्रं आणि युद्धाआधी विद्यार्थ्यांनी काढलेली मोजमापं वापरून ते पुन्हा उभं केलं, आणि १९८० मध्ये युनेस्कोने ते यादीत घेतलं. ज्यांचं गेलं त्यांनी, पुरावा हाताशी धरून, लगेच बांधलं तर ते नकली म्हणायला जीभ उचलत नाही. शंभर वर्षांपूर्वी पडलेला बुरूज अंदाजाने, पर्यटकांसाठी बांधणं मात्र वेगळं.

इथे टेंडरचा प्रश्न येतो. भक्तपूरमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर नगरपालिकेने बरीच कामं सगळ्यात कमी बोलीवाल्या ठेकेदाराला न देता स्थानिक समित्यांमार्फत, तिथल्याच सुतार-गवंड्यांकडून करून घेतली. जुन्या कामात कमी बोली म्हणजे सिमेंट (प्रश्न ५).

१७. जुन्या भागात बाग-मोकळी जागा आणायची कुठून?

कचऱ्यातून. कैरोमध्ये जुन्या शहराला लागून शतकानुशतकं साठलेले ढिगाऱ्यांचे डोंगर होते, आगा खान संस्थेने तिथे साधारण ३० हेक्टरची अल-अझर बाग केली, २००५ मध्ये ती खुली झाली, काम करताना जुनी तटबंदी सापडली, आणि शेजारच्या दर्ब अल-अहमर वस्तीत घरदुरुस्ती, छोटी कर्जं, कारागिरीचं ट्रेनिंग असं सोबत चाललं. सोबत चाललं हे महत्त्वाचं, नुसती बाग केली असती तर फक्त शेजारच्या जागांचे भाव वाढले असते.

१८. घराला अकरा वारस, निम्मे परदेशात, कोणी सही करत नाही. घर पडतंय. काय होऊ शकतं?

प्रत्येक जुन्या शहरात अशी घरं असतात, आणि आतून जाणूनबुजून पडू दिलेलीही असतात. साधारण क्रम असा: आधी नोटीस आणि मुदत, नंतर पालिकेने तातडीची डागडुजी करून खर्च मिळकतीवर बोजा म्हणून चढवणं, तरी हालचाल नसेल तर रिकाम्या घरावर जास्त कर, शेवटी ताब्यात घेणं. बोजा चढला की वारस आपोआप एकमेकांना फोन करायला लागतात. मात्र घरात एखादी वारस बाई अजून राहत असेल तर तिला आधी राहण्याचा हक्क लेखी द्यायचा, नाहीतर रिकाम्या घराच्या नावाखाली तीच बाहेर पडते.

१९. आमच्या गल्लीचं नाव प्रोजेक्टमध्ये आलंय. काम सुरू व्हायच्या आधी काय मागून घेऊ?

पाहणीच्या यादीत तुमच्या घराची नोंद, राहणाऱ्या सगळ्यांच्या नावांसकट, भाडेकरूंचीही. ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनचा नकाशा, आणि फरशी त्याच्या आधी पडणार नाही याची लेखी हमी. घर सोडावं लागणार असेल तर तात्पुरतं घर कुठे, किती दिवस, परतीची तारीख, परतीचं भाडं. कोणता माल वापरणार, चुना की सिमेंट, आणि गवंड्याने आधी असं काम केलंय का. पाच वर्षांनी डागडुजी कोण करणार आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून. आणि एक आकडा मागा: आज गल्लीत किती कुटुंबं राहतात. तो कागदावर आला नाही तर पाच वर्षांनी किती उरली हे कोणाला विचारताही येणार नाही.